जांगच्या दिवशीची अडचण

हानगोल गावात ज्या दिवशी घरचं जांग घालायचं असतं त्याच्या आधीचा आठवडाभर बायका भांडत नाहीत. सोयाबीन शिजवून, कुटून, विटांसारखे ठोकळे करून हिवाळाभर छपराला टांगायचे आणि थंडी ओसरायच्या आत मिठाच्या पाण्यात घालून रांजण भरायचा, एवढंच खरं तर ते काम. पण वर्षभराच्या प्रत्येक घासात हे आंबवलेल्या सोयाबीनचं जांग असतं, आणि ज्या घराचं जांग नासलं त्या घरात आणखी काहीतरी नासलंय अशी गावाची पक्की समजूत आहे. म्हणून त्या आठवड्यात कुणाच्या मयताला जायचं नाही, कुणाला टाकून बोलायचं नाही, आणि जिला अडचण असेल तिनं रांजणाच्या आसपास फिरकायचं नाही. गावातल्या नवऱ्यांना हा आठवडा फार आवडतो. तो महिनाभर का नसतो, असा प्रश्न त्यांच्यातल्या काहींनी आपापसात विचारलेला आहे.

ओक्सिमबाईंचं जांग पंचक्रोशीत नावाजलेलं. सासू गेल्यापासून त्या घराच्या रांजणात दुसऱ्या कुणाचा हात पडलेला नव्हता. सून दासोम लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात ती रांजण बाहेरून धुण्यापर्यंत पोचली होती. आतून धुणं अजून तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं. दासोम पुसानची, म्हणजे मोठ्या शहरातली. तालुक्याच्या गावी गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्या माणसानं घाबरून ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलं तरी तिचा आवाज चढत नसे. हाच आवाज ती घरीही वापरी आणि त्यामुळे ओक्सिमबाईंना तिच्याशी धड भांडताही येत नसे.

तर त्या वर्षी, जांगच्या दिवशी, ओक्सिमबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, आज तू घाल."

दासोमनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?"

"दुसरी कुठली सून आहे का मला? हात धू. कोपरापर्यंत."

झालं होतं असं की, ओक्सिमबाईंना सकाळी न्हाणीघरात रक्त दिसलं होतं. फार नाही, गुलाबीसर. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटून गेलेली. खरं तर तीनेक आठवड्यांपूर्वीही एकदा असंच दिसलं होतं, पण ते आपल्याला दिसलंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवण्याच्या बाबतीत त्या खंबीर होत्या. आज मात्र तसं ठरवता येईना. आणि चौसष्टाव्या वर्षी नको तिथून रक्त आलेलं पाहून ओक्सिमबाईंच्या मनात पहिला विचार जो आला तो डॉक्टरचा नव्हता, देवाचाही नव्हता. तो असा, की आता रांजणाचं काय?

मीठ पाण्यात विरघळलेलं, ठोकळे धुऊन सुकलेले, पंचांगातला चांगला दिवस. पुढे ढकलावं तर गाव विचारणार, का? आणि स्वतः घालावं तर... ते त्यांच्या हातून झालं नसतं. बाकी कुणाला फसवता आलं असतं, रांजणाला कसं फसवणार?

मग अंगणात तो सोहळा झाला. ओक्सिमबाई तेंदूच्या झाडापाशी उभ्या, रांजणापासून चांगल्या दहा-बारा हात लांब. त्याच्या अलीकडे त्या यायला तयार नव्हत्या. दासोमच्या तोंडावर पांढऱ्या कागदाची पट्टी बांधलेली, कारण जांग घालणारीचा श्वास आत पडू द्यायचा नसतो. सून काम करणार, सासू सांगणार, आणि सुनेला उत्तर देता येणार नाही, ही रीत ज्या कुणी पूर्वजानं काढली त्याच्याबद्दल ओक्सिमबाईंना मनापासून आदर होता.

"अंडं सोड पाण्यात! ...तरंगलं का? किती वर आलंय? नाण्याएवढं दिसायला हवं. ...मान हलवू नकोस, बोटानं दाखव! ...एवढं? मग मीठ कमी आहे. घाल अजून. ...अगं मूठभर, चिमूट काय घालतेस, कोशिंबीर करतेस का?"

दासोमनं मूठभर घातलं. ठोकळे रचले. वर कोळसा, लाल मिरच्या, खजूर सोडले. रांजणाच्या गळ्यात गवताची दोरी बांधली आणि पोटावर कागदाचा मोजा उलटा चिकटवला, म्हणजे वाईटसाईट काही आत शिरायला आलं तर त्यात पाय घालून अडकून बसावं. सगळं झाल्यावर तिनं तोंडावरचा कागद काढला. डोळे भरून आले होते.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास..."

"कोळसा तिरका पडलाय," ओक्सिमबाई म्हणाल्या, आणि घरात निघून गेल्या.

दुपारपर्यंत गावभर झालं की, ओक्सिमनं घर सुनेच्या हातात दिलं. हानगोलमध्ये सासूनं रांजण सोडणं म्हणजे राजानं गादी सोडणं. दासोमनं पुसानला आईला फोन केला, आणि तिकडे आईही रडली. शेजारणी अभिनंदनाला आल्या, "आता तू काय करणार गं ओक्सिम? तीर्थयात्रा?" असं विचारून गेल्या. ओक्सिमबाई "बघू" म्हणाल्या. गादी सोडली नाही, फक्त गादीवर डाग पडलाय, असं काही त्यांना सांगता येत नव्हतं.

संध्याकाळच्या आत त्यांची नणंद आली. बुन्येबाई शहात्तर वर्षांच्या. माहेर आणि सासर एकाच गावात असल्यानं दोन्ही घरांवर त्यांचा अधिकार, आणि तो त्या राखून वापरत असं कुणी म्हणणार नाही. त्या आल्या, चपला काढल्या, खालून तापवलेल्या फरशीवर बैठक मारली आणि म्हणाल्या, "बोल."

"काय बोलू, वन्सं?"

"माझी आई मेली त्या वर्षी, ताप अंगात असताना तू जांग घातलंस. कंबर धरली होती त्या वर्षी रांगत जाऊन घातलंस. आणि आज धडधाकट असून झाडाला टेकून उभी होतीस म्हणे. तुला कुणाचं मयत झालेलं नाही, तू कुणाशी भांडलेली नाहीस. म्हणजे राहिलं काय?"

ओक्सिमबाईंनी फरशीवरचा नसलेला कचरा वेचला. बुन्येबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, "अडचण?"

"थोडीशीच, वन्सं. गुलाबी."

बुन्येबाईंचं बोळकं पसरलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं, वसंत परतला तुझा!"

हा तिकडचा शब्द. म्हाताऱ्या माणसाचे केस काळे झाले, दात घट्ट झाले, एखाद्यानं उतारवयात लग्न केलं, की म्हणतात वसंत परतला. शब्द चांगला आहे. कुठेही लावला तरी बसतो, हीच त्याची भानगड.

"काहीतरीच काय, वन्सं!"

"काहीतरीच नाही. तुझ्या मुलानं बापासाठी तो हरणाच्या शिंगाचा काढा पाठवला होता ना? तो कोण पितंय?"

ओक्सिमबाई ओशाळल्या. मुलगा तिकडे समुद्रकाठी जहाजांच्या कारखान्यात नोकरीला. त्यानं वडिलांसाठी ताकदीचा महागाचा काढा प्लास्टिकच्या पुड्यांत भरून पाठवला. वडिलांना, म्हणजे ताल्सूबुवांना, त्याचा वास सहन होईना. एवढी मोलाची वस्तू फेकायची कशी, म्हणून ओक्सिमबाई रोज सकाळी नाक दाबून एक पुडी पीत होत्या.

"बघ! औषध त्यानं प्यायचं ते तू प्यायलीस, मग वसंत तुलाच येणार," बुन्येबाई म्हणाल्या. "मी कुणाला सांगत नाही."

आणि खरोखरच त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त समाजमंदिरात रोज ज्यांच्याशी पत्ते खेळायच्या त्या दोघींना सांगितलं. त्या दोघींचा गावात स्वतःचा असा मोठा परिवार होता.

ओक्सिमबाईंनी त्या संध्याकाळी आरशात पाहिलं. उगीच. कानशिलापाशी एक केस काळा वाटला. उजेडाकडे वळून पाहिला तर तो काजळीचा होता. तरी त्या थोडा वेळ तिथेच रेंगाळल्या. वसंत म्हटलं तर वसंत. दुसरं काही म्हणायचं तर काय म्हणायचं, हे त्यांना नेमकं माहीत होतं, आणि म्हणूनच म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताल्सूबुवा समाजमंदिरात गेले तेव्हा पुरुषांच्या खोलीतले सगळे उठून उभे राहिले. एकानं तांदळाच्या दारूचा वाडगा भरून हातात दिला. "ताल्सू, लेका, तू तर छुपा निघालास," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं काढ्याच्या दुकानाचा पत्ता विचारला. ताल्सूबुवांना काही कळलं नाही, पण दारू फुकट होती. चौथ्या वाडग्याला त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं, आणि ते जे लाल झाले ते घरी पोचेपर्यंत तसेच होते.

अंगणात दासोम रांजणाचं झाकण पुसत होती. काल गादी मिळालेली माणसं पुसतात तसं, गरज नसताना.

"सूनबाई," ताल्सूबुवा झाडाकडे पाहत म्हणाले, "तुझ्या सासूला... वसंत आलाय म्हणे."

"आत्ताच? अजून तर नळ गोठताहेत, बाबा."

"तो नव्हे."

"मग कुठला?"

"बायकांचा," ताल्सूबुवा म्हणाले. एवढं बोलून माणूस म्हणून जेवढं धैर्य त्यांच्यापाशी होतं तेवढं संपलं आणि ते गोठ्याकडे गेले. गोठ्यात दहा वर्षांपासून गुरं नव्हती.

दासोम हातात फडकं घेऊन उठली. मग स्वयंपाकघरात गेली. ओक्सिमबाई मुळा चिरत होत्या.

"आई, काल तुम्ही मला जांग घालायला सांगितलंत ते मी तयार झाले म्हणून की तुम्हाला अडचण होती म्हणून?"

सुरी थांबली. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे अडचण होती म्हणून."

"हो," ओक्सिमबाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना वेळ मिळाला असता तर बोलल्या असत्या.

"माझी आई रडली फोनवर," दासोम म्हणाली.

"मग आता हसायला सांग."

दासोमनं फडक्याची घडी केली, उलगडली, परत घडी केली. आणि मग तिच्या डोक्यात मागचं सगळं बाजूला सरून पुढचं आलं असावं, कारण ती एकदम गाडी शिकवण्याच्या आवाजात बोलू लागली.

"आई, रक्त जातंय?"

"थोडंच. गुलाबी."

"पहिल्यांदा?"

"...दुसऱ्यांदा."

"गाडीत समोर लाल दिवा लागला तर काय करायचं?"

"मला गाडी येत नाही."

"शेजारी बसता ना? काय करते मी?"

"थांबवतेस. बघतेस काय झालंय."

"तुम्ही काय केलंत? दिव्यावर फडकं टाकलंत आणि मला चाक धरायला लावलंत. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, थेंबभर, गुलाबी, कसंही, तरी दाखवायचं असतं आई. आमच्याकडे गाडी शिकायला येते त्या नर्सबाईनं माझ्यासमोर दुसऱ्या एकीला सांगितलंय. बहुतेक वेळा किरकोळच निघतं. आतली कातडी वयानं सुकते, नाहीतर एखादा मस असतो. पण दहांतल्या एकीला कर्करोग निघतो. आणि ती एक कोण, हे बाहेरून कळत नाही."

हा शब्द बोलला गेला एकदाचा. ओक्सिमबाईंनी मुळ्याची एक चकती उचलून उगीच उजेडात धरून पाहिली.

"वन्सं म्हणतात वसंत आहे."

"आत्याबाई तपासणार आहेत का?"

"मी नाही जाणार त्या दवाखान्यात. त्याच्या पाटीवर काय लिहिलंय? बाळंतिणींचा दवाखाना! या वयात मला तिथे शिरताना कुणी पाहिलं तर? आधीच समाजमंदिरात..."

"समाजमंदिरात तुम्हाला वसंत आलाय. त्यानंतर पोर होणार एवढंच लोकांना समजायचं राहिलंय. ते समजू दे. उद्या सकाळी निघू."

"लांबच्या गावी."

"लांबच्या गावी."

लांबच्या गावी जाताना ओक्सिमबाईंनी टोपी, काळा चष्मा आणि नाकापर्यंत मफलर असा वेष केला. तालुक्याच्या बसथांब्यावर तिघीजणींनी गाडीच्या काचेतून त्यांना ओळखून हात केला. ओक्सिमबाईंनीही सवयीनं हात केला आणि मग मफलरमध्ये आणखी खाली सरकल्या.

बसथांबा बराच मागे पडला. मग मफलरच्या आतून आवाज आला.

"अडचण होती म्हणून सांगितलं, हे खरं. पण वन्संना सांगता आलं असतं. शेजारणीला सांगता आलं असतं, तिचा हातही बरा आहे. तुला सांगितलं."

दासोमनं आरशात पाहिलं, मग वळण घेतलं.

"मीठ शेवटी बरोबर होतं," मफलर म्हणाला. "कोळसा मात्र तिरकाच होता."

दवाखान्यात सगळ्या पोटुशा पोरी. एकीनं उठून ओक्सिमबाईंना जागा दिली. तिचं पोट इतकं मोठं होतं की उठायला तिला दोन्ही हात आणि नवरा लागला. ओक्सिमबाईंना इतका संकोच झाला की त्या बसल्याच नाहीत आणि पोरगीही पुन्हा बसेना. नाव पुकारलं जाईपर्यंत दोघी रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना "बसा ना", "तू बस गं" करत होत्या.

डॉक्टरीणबाई दासोमहून लहान दिसत होती. तिनं विचारलं, पाळी कधी गेली, रक्त कधी दिसलं, किती, कसलं. साखर आहे का, रक्तदाब आहे का, घरात कुणाला कर्करोग होता का, काही औषधं चालू आहेत का.

"काही नाही," ओक्सिमबाई म्हणाल्या.

"हरणाच्या शिंगाचा काढा," दासोम म्हणाली.

"तो यांचा आहे. मी नुसता पिते."

डॉक्टरीणबाईनं मान खाली घालून ते लिहून घेतलं. तिचे खांदे जरा हलले. "काढ्यानं झालं असेल का, डॉक्टर?" ओक्सिमबाईंनी विचारलं. या प्रश्नात बरीच आशा होती.

"सांगता येत नाही, आजी. सध्या तो थांबवा. पण काढ्यावर ढकलून मी तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. आत पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्याशिवाय मी नाव ठेवत नाही."

मग त्या टेबलावर आडवं होणं. त्या टेबलाबद्दल ओक्सिमबाई पुढे एवढंच म्हणत, की ते बनवणारा माणूस बाईच्या पोटी जन्मला असेल यावर विश्वास बसत नाही. बोटाएवढी एक नळी आतून फिरली आणि शेजारच्या पडद्यावर करड्या ढगांसारखं काहीतरी दिसू लागलं.

"हे तुमचं गर्भाशय. आणि हे त्याचं अस्तर. या वयात ते खिडकीला काचेऐवजी लावतात त्या कागदाइतकं पातळ हवं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमचं गोधडीसारखं जाड झालंय. म्हणून त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. बारीक नळीनं. मिनिटभराचं काम आहे, पण दुखेल. खोटं सांगत नाही."

दुखलं. ओक्सिमबाईंनी दासोमचं मनगट धरलं होतं. नंतर त्या मनगटावर चार बोटं उमटलेली होती, आणि दासोमनं त्या दिवशी शिकवणीला गेल्यावर बाही खाली ओढून घेतली.

निकाल यायला आठवडाभर लागणार होता. त्या आठवड्यात ओक्सिमबाईंनी घर इतकं स्वच्छ केलं की ताल्सूबुवांना बसायला जागा उरली नाही. त्यांना तपासणीचं सांगितलेलं होतं. "काढा मीच प्यायला हवा होता," एवढंच ते म्हणाले, आणि खरोखर नाक दाबून एक पुडी प्यायले. ओक्सिमबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चाळीस-बेचाळीस वर्षांत या माणसानं आपल्याशी याहून प्रेमाचं काही केल्याचं त्यांना आठवेना. नंतर ते अंगणात जाऊन ओकले, तो भाग वेगळा.

रात्री झोप येईना तेव्हा ओक्सिमबाई मनाशी दहा बायका मोजत. गावातल्याच, ओळखीच्या. नऊ जणींना घरी पाठवत आणि दहाव्या जागेवर कोण उभी आहे हे पाहायच्या आत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत.

निकाल आला. डॉक्टरीणबाईनं खुर्ची पुढे ओढली. "आजी, कर्करोग नाही," ती म्हणाली. ओक्सिमबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, पण अर्धाच, कारण तिचं वाक्य संपलेलं नव्हतं. "पण पेशी त्या वाटेला लागल्या आहेत. अशा ठेवल्या तर बऱ्याच जणींमध्ये पुढे कर्करोग होतो. कधीकधी आत तो लपलेलाही असतो, आणि ते काढल्यावरच कळतं. तुमच्या वयाला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गर्भाशय काढून टाकणं."

"सगळंच?"

"त्याचं आता काही काम आहे का?"

ओक्सिमबाईंनी विचार केला. "एक मुलगा झाला त्यातून," त्या म्हणाल्या. "मधूनमधून फोन करतो."

शस्त्रक्रिया मोठ्या शहरातल्या इस्पितळात झाली. पोटाला बारीक बारीक भोकं पाडून काम आटोपलं. काढलेलं सगळं तपासून झालं आणि लपलेलं काही निघालं नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दासोम पहिल्यांदाच आवाज चढवून रडली. "अगं, मी आहे ना," असं म्हणून ओक्सिमबाईंना तिची समजूत काढावी लागली. टाक्यांमुळे हसता येत नव्हतं. म्हणून त्यांनी मुलाला, नवऱ्याला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला ताकीद दिली होती की कुणी गमतीचं काही बोलायचं नाही. ताल्सूबुवा तेवढे दिवस निमूट राहिले. त्यांना ते जड गेलं नाही.

घरी येईपर्यंत डोंगरावर जर्दाळू फुलले होते. बुन्येबाई पत्त्यांतल्या दोघींना घेऊन समाचाराला आल्या, बरोबर पाइनच्या बियांची पेज.

"काय गं, बारीक झालीस," एक म्हणाली.

"आतलं सामान कमी झालं ना," दुसरी म्हणाली. "वसंत आला तो पेटीसकट गेला."

ओक्सिमबाईंनी पोटावर उशी दाबून धरली, म्हणजे हसू आलं तर टाके ओढायला नकोत. मग म्हणाल्या, "हसा. मीही हसले असते. पण एक ऐका. तो वसंत नव्हता. उन्हाळाभर तशीच बसले असते तर पुढच्या वर्षी तुम्ही माझ्या मयताला आला असतात आणि त्या वर्षी गावात एकीलाही जांग घालता आलं नसतं. तुमच्यापैकी कुणाला कधी डाग दिसला, लाल, गुलाबी, कसलाही, तर लाजत बसू नका. मला सांगा. आमच्या सूनबाईची गाडी आहे."

दोघींनी "अगबाई, आम्हाला कुठलं आता" वगैरे केलं, चहा घेतला आणि गेल्या. बुन्येबाई मागे राहिल्या. पेजेचा वाडगा त्यांनी धुतला. मग पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा त्याच वाडग्याला साबण लावला तेव्हा ओक्सिमबाई म्हणाल्या, "वन्सं, त्याचा रंग जाईल."

बुन्येबाई पाठमोऱ्याच होत्या. "तू गुलाबी म्हणालीस ना?"

"हो."

"तपकिरी असेल तर?"

ओक्सिमबाईंनी उशी बाजूला ठेवली. "कधीपासून?"

"हिवाळ्याच्या तोंडावर किमचीची कोबी मुरत घातली ना आपण, तेव्हापासून. अधूनमधून."

"वन्सं! आणि मला वसंत, वसंत..."

"तुलाही तसंच होतंय म्हटल्यावर बरं वाटलं गं," बुन्येबाई म्हणाल्या. "म्हटलं तुझा वसंत असेल तर माझाही तोच असेल. मी तर काढाही प्यायले नव्हते." त्यांचं बोळकं हसत होतं, पण हातातला वाडगा सुटत नव्हता.

ओक्सिमबाईंनी दासोमला हाक मारली. दासोमनं ऐकून घेतलं, काही विचारलं नाही, खुंटीवरून किल्ली काढली. "आत्याबाई, गाडीत बसा."

"आज? आज नको गं. मी आंघोळ नाही केलेली धड. सोमवारी जाऊ. सोमवारी दिवसही चांगला..."

"बसा."

त्या आवाजाला भांडता येत नाही हे बुन्येबाईंनाही कळलं. त्या मागे बसल्या. दुसऱ्या दारानं ओक्सिमबाई एका हातानं पोट धरून आत चढू लागल्या.

"आई, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"उचलायला मनाई आहे. बसायला नाही." त्या बसल्या आणि नणंदेच्या हातातून वाडगा काढून घेतला. तो अजून तिच्याकडेच होता.

गाडी गावाबाहेर पडली. बुन्येबाईंनी काचेतून समाजमंदिराकडे पाहिलं, खाली वाकल्या, आणि ते मागे पडल्यावर पुन्हा ताठ झाल्या.

"दुखतं का गं?"

"दुखतं. मिनिटभर. मी हात धरेन."

"आणि तिथे सगळ्या पोटुशा पोरी असणार. त्यात मी. कुणी विचारलं की आजी, तुम्हाला कितवा महिना, तर काय सांगू?"

ओक्सिमबाईंनी बोटांवर मोजलं. कोबी घातल्यापासून आजपर्यंत.

"खरं तेच सांगा, वन्सं," त्या म्हणाल्या. "पाचवा."